तीनदा म्हणायचं वाक्य

लाकडी सामानाला पॉलिश करणाऱ्या माणसाच्या दुकानावर एक लांबट खोली होती आणि त्या खोलीत रोज संध्याकाळी शब्दांची लग्नं लागायची. थट्टा नाही. मॅडमची शिकवण्याची पद्धतच ती. इंग्रजीतला प्रत्येक शब्द आपला जोडीदार आधीच ठरवून बसलेला असतो, असं त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायच्या. ‘प्रॉफिट’ नांदणार ते ‘मेक’च्याच घरी, त्याला ‘डू’कडे पाठवलंत तर दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन परत. ‘बिझनेस’ मात्र ‘डू’कडेही सुखात असतो आणि ‘रन’कडेही, त्याने दोन्हीकडे घरोबा ठेवलाय. ‘डेडलाइन’ला ‘मीट’ करायचं, ‘व्हेकन्सी’ ‘फिल’ करायची, ‘रेझिग्नेशन’ ‘हँड इन’ करायचं. असंच का, असं कोणी विचारलं की मॅडम चष्म्यावरून बघायच्या. “शेजारच्या जोडप्याला जाऊन विचारता का, हिनं ह्यालाच का केलं म्हणून? मग इथेही विचारू नका. पाठ करा.”

समोर बसणारी मंडळी काही शाळकरी नव्हती. दिवसभर कुठे ना कुठे राबून, तोंड धुऊन, केसांवरून ओला हात फिरवून आलेली माणसं. एकाला गोदामात सुपरवायझर व्हायचं होतं. औषधाच्या दुकानातल्या एका मुलीची मुलाखतीला गेलं की दातखिळी बसायची. ह्यांना कविता नको होती. माणूस कामावर घेणं, पगारवाढ मागणं, राजीनामा देणं, कामाची मुदत पाळणं, एवढं साहेबाच्या भाषेत न अडखळता म्हणता आलं की त्यांचं भागणार होतं. म्हणून मॅडमचा सगळा वर्ग चालायचा तो धंद्याच्या आणि नोकरीच्या जोड्यांवर. चपलांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यावर जाड अक्षरात एकेक शब्द लिहिलेला असे. अर्ध्या वर्गाला क्रियापदं मिळायची, अर्ध्याला नामं, आणि मग प्रत्येकाने उठून आपला जोडीदार शोधायचा. खोलीत एकच गोंधळ उडायचा. बाकं सरकायची, हसणं व्हायचं, आणि खाली पॉलिशवाल्याच्या ओल्या टेबलावर छताची धूळ पडली की तो काठीने छत ठोकून आमच्या नावाने खडे फोडायचा. आमच्या म्हणजे मॅडमच्या; सांगणाऱ्यालाही त्या खोलीची सवय झाली की असं होतं.

जोड्या लागल्या की मग घोकंपट्टी. आणि घोकंपट्टी म्हणजे वन्सं.

वन्सं म्हणजे मॅडमच्या नणंद, नवऱ्याची पाठची बहीण. मॅडम घरात त्यांना वन्सं म्हणायच्या म्हणून वर्गही मागून वन्सं म्हणायला लागला, आणि त्यांच्या पाठीमागे भोंगा. वन्संना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मॅडमचा गळा शिकवून शिकवून पार बसला होता. डॉक्टरने सांगितलं होतं, आवाज चढवायचा नाही, जेवढा उरलाय तेवढा जपून वापरा. तेव्हा वर्ग बंद करायची पाळी आली होती. त्याच सुमाराला वन्संचे यजमान गेले आणि त्या मुलाकडे राहायला आल्या. मुलगा सज्जन, सून सज्जन, कुणी कधी उणा शब्द बोललं नाही. फक्त वन्सं भांडी घासायला गेल्या की सून म्हणायची, “राहू द्या आई.” कपड्यांच्या घड्या करायला बसल्या की, “राहू द्या आई, मी करते.” दाराशी उभ्या राहिल्या तर मुलगा म्हणायचा, “राहू दे गं, मी उघडतो.” ह्या राहू द्याने त्या बाईला दिवसभर ह्या खोलीतून त्या खोलीत हाकललं होतं. एकदा मॅडमकडे येऊन त्या सरळ रडल्याच. म्हणाल्या, “वहिनी, मला कुणी त्रास देत नाही गं. त्याचाच त्रास होतो.”

त्या बाईचा आवाज मात्र खणखणीत होता. लहानपणी माहेरी चार घरं सोडून कुणाला निरोप द्यायचा असला तर तिला उंबऱ्यावरून उठावं लागत नसे. मॅडमनी दुसऱ्याच दिवशी त्यांना वर्गात आणून उभं केलं. मॅडम वाक्य हळू म्हणणार, वन्सं ते उचलून मोठ्याने म्हणणार आणि वर्ग वन्संच्या मागून म्हणणार, असं ठरलं. प्रत्येक वाक्य तीनदा, हा नियम वन्संचाच. “एकदा म्हटलेलं कानात राहतं, दोनदा म्हटलेलं जिभेवर राहतं, तीनदा म्हटलं की माणसात बसतं,” असं त्या सांगायच्या. खाली पॉलिशवाल्याला ह्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण वन्संचा आवाज छत फोडून खाली उतरला की तोही हातातला बोळा न थांबवता तेच वाक्य आपल्या उच्चारात म्हणायचा आणि खो खो हसायचा. रोजचं झालं होतं ते.

हळूहळू वन्संची भीड चेपली. पुठ्ठे कापायचं, त्यावर लिहायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. अर्थही कळायला लागले, पण अर्थापेक्षा त्यांचा जीव वाक्य उचलण्यात होता. त्यांनी खांद्याला लावायची पर्स घेतली. चष्म्याला साखळी लावली. सून शेजारणीला सांगायला लागली, “आई आत्ता नाहीत, क्लासवर गेल्यात.” हे वाक्य वन्संनी मॅडमना निदान पन्नास वेळा ऐकवलं असेल.

मग मोठ्या रस्त्यावर काचेच्या दारांची ती संस्था उघडली आणि मॅडमच्या वर्गातली बाकं मागून रिकामी व्हायला लागली. एकदम नाही. आज एक जण, पुढच्या आठवड्यात दोघं. अजून वर्षभर वर्ग रखडत रखडत चालला असता, हे इथेच सांगून ठेवलं पाहिजे, कारण पुढे मॅडमनी स्वतःला काहीबाही समजावून सांगितलं. चालला असता. आणि एका सोमवारी दुपारी संस्थेचा व्यवस्थापक जिना चढून आला.

पोरगेलाच होता, पण बोलणं तोलूनमापून. मॅडमची पुठ्ठ्यांची पद्धत त्याच्या कानावर गेली होती. मॅडमनी संस्थेत यावं, आपले विद्यार्थी घेऊन यावं, पद्धतही आणावी. वातानुकूलित खोली, ठरलेला पगार, आजारपणाची रजा. “वी वुड लाइक टू टेक यू ऑन,” तो म्हणाला. म्हणजे तुम्हाला कामावर घ्यायचं आहे. मॅडमच्या पोटात कुठेतरी दिवा लागला. एवढी वर्षं त्या दुसऱ्यांना हे वाक्य शिकवत होत्या. त्यांना स्वतःला ते कुणी म्हटलेलंच नव्हतं.

“आणि माझ्या नणंद?” मॅडमनी विचारलं. “त्या माझ्याबरोबर असतात. माझा आवाज चालत नाही.”

व्यवस्थापक हसला. वाईट हसला नाही, समजूत घालावी तसा हसला. त्याने आपल्या कॉलरला बोट लावून दाखवलं. संस्थेत प्रत्येक शिक्षकाच्या कॉलरला माईक असतो, कुजबुजलं तरी मागच्या भिंतीपर्यंत जातं. मग दुसरा माणूस कशाला? “वी आर ट्राइंग टू कट स्टाफ, मॅडम, नॉट टेक ऑन मोअर,” तो म्हणाला. माणसं कमी करायची आहेत, आणखी घ्यायची नाहीत. येत्या सोमवारपासून या, आणि तुमच्या त्या बाईंना शनिवारपर्यंत सांगून टाका, म्हणजे कुणाचा गैरसमज नको.

मॅडमच्या मास्तरी कानाने त्या वाक्याची आपसूक तपासणी केली. ‘कट’च्या शेजारी ‘स्टाफ’, ‘टेक ऑन’च्या पुढे न उच्चारलेलाही ‘स्टाफ’च. एकही शब्द परक्या घरी गेला नव्हता. चूक काढायला जागाच नव्हती. आणि त्यांनी हो म्हटलं. विचार करून सांगते असं म्हणायलासुद्धा त्या थांबल्या नाहीत. त्या माणसाची पावलं जिन्यावरून उतरली तेव्हा त्यांना कळलं की आपण काय करून बसलो, आणि मग त्यांच्या पायाला जी भिंगरी लागली ती शनिवारपर्यंत सुटली नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यांनी नवऱ्याला गाठलं. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी नोंदवून घ्यायचा. त्यामुळे ऐकून घेण्यात तरबेज होता आणि पुढे काही करण्यात नव्हता. सगळं ऐकून त्याने चष्मा पुसला.

“चांगलं झालं की. रजा वगैरे देतायत.”

“ते झालं हो. वन्संना कोण सांगणार?”

“तूच सांगायचं. माणूस कुणी ठेवला? तू.”

“बहीण कुणाची?”

“हे बघ, बहीण माझी, नणंद तुझी, आणि धंदा तुमचा दोघींचा. ह्यात मी कुठे बसतो?” असं म्हणून त्याने काखा वर केल्या आणि पानावर बसला. जेवलाही पोटभर. मॅडमना त्या क्षणी त्याच्या डोक्यात डाव घालावासा वाटला. पण डाव हातात होता आणि भाजी वाढायची होती, म्हणून त्यांनी भाजी वाढली.

मग सुरू झाली घालमेल. मॅडम फडताळ आवरायला काढायच्या आणि अर्धं सोडून खिडकीशी जायच्या. चहा करायच्या आणि तो गार होऊन त्यावर साय धरायची. आंघोळ करताना, भाजी चिरताना, सिग्नलला उभ्या असताना त्या वाक्यं जुळवत होत्या. गंमत अशी की इंग्रजीत ती धडाधड जुळत होती. त्या भाषेने ह्या एका कामासाठी केवढी तजवीज करून ठेवली आहे! माणसं कमी करा, पद रद्द करा, करार पुढे वाढवू नका, मनुष्यबळाची फेररचना करा. पाहिजे तितकी गोड जोडी मिळते. बोलणाऱ्याच्या तोंडाला चव राहते आणि ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर कळतं की आपल्याला हाकललं. आणि मराठीत? मराठीत माणसाला कामावर ठेवतात आणि कामावरून काढतात. डबा फळीवर ठेवावा आणि फळीवरून काढावा तसा. मधे काही नाहीच. मॅडमनी किती शोधलं, पण मधलं काही सापडलं नाही.

मंगळवारी त्या वन्संना कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेल्या. निवांत बसून सांगू म्हणून. वन्संनी चहाचा पहिला घोट घेतला आणि पर्समधून पुठ्ठ्यांचा नवा कोरा गठ्ठा काढला. “बघ, पुढच्या बॅचसाठी केलेत. लाल अक्षरात क्रियापदं, निळ्यात नामं. मागच्यांना दिसत नाही म्हणून अक्षर मोठं केलं.” मॅडमनी एकेक पुठ्ठा हातात घेऊन बघितला. अक्षर खरंच सुरेख होतं. “छान आहे,” त्या म्हणाल्या, आणि चहाचे पैसे देऊन इतक्या घाईने उठल्या की वन्संना निम्मा कप टाकून मागून पळावं लागलं.

बुधवारी जिन्यात सांगायचं ठरवलं, तर जिन्यात पॉलिशवाला कपाट उतरवत होता. गुरुवारी फोनवर सांगायचं ठरवलं. फोन लावला, वन्संनी उचलला आणि पलीकडून सुनेचा आवाज आला, “राहू द्या आई, मी घेते.” मॅडमनी फोन ठेवून दिला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. आपली आपल्याला लाज वाटणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी नीट कळलं. बाईने तोंड उघडायचं होतं, दुसरं काही नाही. पण आयुष्यभर बोलण्यावर पोट भरलेल्या त्या बाईच्या तोंडात जणू गुळणी धरली होती.

आणि मग शुक्रवारी त्यांनी जे केलं ते, काय सांगायचं, भित्र्या माणसाच्याच डोक्यात येतं. त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं.

वर्गाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. रोज एक वाक्य असायचंच. त्या दिवशीचं होतं: शी इज अ गुड वर्कर, बट वी हॅव टू कट स्टाफ. ती कामाला चांगली आहे, पण आम्हाला माणसं कमी करावी लागताहेत. मॅडमचा हिशेब असा की वन्संना अर्थ कळतो. त्या वाक्य उचलतील, मधेच अडखळतील, वळून आपल्याकडे बघतील, आणि आपण नुसती मान हलवली की झालं. म्हणजे आपल्या तोंडून काही जायलाच नको. ऐकायला सोपं होतं. मॅडमनी खडू दोन्ही हातांत घट्ट धरला आणि वाक्य हळूच म्हटलं.

वन्संनी ते उचललं. आणि काय उचललं! मान वर, छाती पुढे, साखळीवरचा चष्मा हलतोय, आणि ‘बट’वर असा काही ठोका दिला की खिडकीची काच थरथरली. वर्गाने मागून म्हटलं. पुन्हा वन्सं. पुन्हा वर्ग. तिसऱ्या वेळी तर त्यांनी हाताने तालही धरला. खालून पॉलिशवाल्याने ‘बट वी हॅटू कस्टाप’ म्हणून साद दिली आणि तो खो खो हसला. वर्गही हसला, वन्संही हसल्या. आपल्याच काढून टाकल्याचं वाक्य ती बाई सगळ्या वर्गाकडून तीन-तीनदा पाठ करून घेत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान होतं. मॅडम फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, जमीन दुभंगून आपण सरळ खाली पॉलिशवाल्याच्या टेबलावर पडलो तर बरं.

वर्ग सुटल्यावर फळा पुसता पुसता वन्सं म्हणाल्या, “आजचं वाक्य झकास होतं हं. ‘बट’वर सगळे बरोबर थांबले. बसलं बघ त्यांच्यात.”

“हो,” मॅडम म्हणाल्या.

शनिवारी, अजून वर्ग सुरू व्हायचा होता, तोच व्यवस्थापक न सांगता येऊन टपकला. सोमवारी हीच मंडळी आपल्याकडे येणार, तर त्यांना जरा संस्थेची चव दाखवावी, असं त्याच्या मनात होतं. त्याने खिशातून अंगठ्याएवढा माईक काढला, मॅडमच्या कॉलरला लावला, स्पीकरचा एक छोटा डबा टेबलावर ठेवून कळ दाबली. “बोला मॅडम. एकदम हळू बोला.”

वर्ग भरलेला. वन्सं आपल्या नेहमीच्या जागी, खिडकीजवळ, वाक्य उचलायला तयार.  मॅडमनी पहिल्या दिवसाचं, सगळ्यात जुनं वाक्य म्हटलं: शी रन्स अ स्मॉल बिझनेस. ती एक छोटा धंदा चालवते.

वाक्य डब्यातून निघालं आणि सगळ्या खोलीत पसरलं. मॅडमचाच आवाज, पण मोठा, भरदार, तरुणपणी असायचा तसा. इकडे वन्संनी सवयीने श्वास घेतला होता. तोंड उघडलं होतं. आणि त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आधी वर्गाने माईकच्या मागून वाक्य म्हणून टाकलं. वन्संनी उघडलेलं तोंड थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग त्यांनी ते मिटलं.

“बघा!” व्यवस्थापक खुशीत म्हणाला. “आता वेगळं कुणी ओरडायला नको.”

वर्ग हसला. गोदामवाला म्हणाला, “भोंग्याला सुट्टी!” आणि लगेच जीभ चावली. वन्संही हसल्या. सगळ्यांच्या नंतर हसल्या आणि सगळ्यांच्या आधी थांबल्या. व्यवस्थापकाने माईक काढून घेतला, सोमवारपासून हा वर्ग संस्थेत भरणार हे आणि कुठल्या दाराने यायचं ते सगळ्यांना सांगितलं, आणि गेला. त्या दिवशी घोकंपट्टी झालीच नाही. मॅडमनी डोकं दुखतंय म्हणून वर्ग लवकर सोडला.

खोलीत दोघीच उरल्या. मॅडम बाकं सरळ करायला लागल्या. ती सरळच होती. मग त्यांनी ती तिरकी करून पुन्हा सरळ केली. खालून पॉलिशचा वास येत होता. वन्सं टेबलाशी उभं राहून पुठ्ठे गोळा करत होत्या, लाल वेगळे, निळे वेगळे.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “कालचं वाक्य माझं होतं का गं?”

मॅडमनी मान हलवली. कालपासून ज्या मान हलवण्याची त्या वाट बघत होत्या ती ही. पण तिने काही सुटलं नाही.

“आणि मी ते पोरांकडून तीनदा म्हणवून घेतलं.” वन्सं हसल्या, पण ते हसू कडेकडेने ओलं होतं. “वेडीच आहे मी. अर्थ कळत होता गं. पण वाक्य उचलताना मी अर्थाकडे बघतच नाही.”

“वन्सं, त्यांचा नियमच आहे हो. संस्थेत एका वर्गाला एकच माणूस. मी विचारलं होतं, देवाशपथ विचारलं होतं. पण त्यांचं म्हणणं पडलं…”

“असं नाही.” वन्संनी पुठ्ठे खाली ठेवले. “लांबलचक वाक्य बसत नाही, तूच सांगतेस. आणि त्यांचं कशाला सांगतेस? मला त्यांनी ठेवलं नव्हतं. तू ठेवलंस. काढतेयस पण तू. मग तसं म्हण. इंग्रजीत नको, फळ्यावर नको. मी काही तुझी विद्यार्थिनी नाही.”

“मला नाही म्हणवत.”

“म्हणवेल. म्हण.”

  नणंदेच्या चष्म्याची साखळी, पर्सचा पट्टा, बोटांना लागलेली लाल-निळी शाई, सगळं मॅडमना एकदम दिसलं, आणि ही बाई उद्यापासून कुठल्या घरी, कुणाच्या राहू द्यामध्ये जाऊन बसणार तेही दिसलं. आपण एका पगारासाठी आणि थंडगार खोलीसाठी हे केलं, हेही त्यांना लख्ख कळत होतं. नाही जात म्हणून एक फोन करता आला असता. फोन टेबलावरच होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि हात लावला नाही.

“वन्सं,” त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला कामावरून काढते आहे.”

वन्संनी डोळे मिटून ऐकलं. मग मान डोलावली, वर्गात एखाद्याने जोडी बरोबर लावली की डोलवायच्या तशी.

“आता दुसऱ्यांदा.”

“वन्सं, असं नका करू हो.”

“नियम आहे आपला. एकदा म्हटलेलं कानातच राहतं. घरी जाईपर्यंत मला वाटायला लागेल की तू म्हटलंच नाहीस. सोमवारी संध्याकाळी मी पर्स घेऊन येऊन उभी राहीन इथे. म्हण.”

“मी तुम्हाला कामावरून काढते आहे.” ह्या वेळी आवाज फाटला. शेवटचा शब्द नुसता वारा होऊन बाहेर पडला.

“तिसऱ्यांदा.”

मॅडमनी तोंड उघडलं. ओठ हलले, मान पुढे झाली, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आवाज म्हणून काही निघेना. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि पुन्हा म्हणून बघितलं. काही नाही. गळा पुरता बसला होता. त्या नणंदेकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

वन्संनी क्षणभर वाट पाहिली, नेहमी पाहायच्या तेवढीच. मग खांदे सरळ केले, मान वर केली, आणि वहिनीचा आवाज जिथे पडला होता तिथून वाक्य उचललं.

“मी तुम्हाला कामावरून काढते आहे,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

खाली पॉलिशवाल्याने सवयीने तेच वाक्य म्हटलं. त्या छतातून आलेलं आणि त्याला अर्थ कळलेलं ते पहिलंच वाक्य होतं. तो हसला नाही. लाकडावर फिरणारा बोळाही थांबल्याचं वर दोघींना ऐकू आलं.

वन्संनी पुठ्ठ्यांचे दोन्ही गठ्ठे मॅडमच्या हातात दिले. “मागच्या बाकांवरच्यांना आता दिसेल,” त्या म्हणाल्या, आणि पर्स खांद्याला लावून जिना उतरल्या.